पंगतीतली जागा

पत्रावळी टाकत आलेला शहादेव मन्मथप्पांच्या समोर क्षणभर थांबला, वाकून नमस्कार केला आणि पुढच्या माणसासमोर पत्रावळ टाकून निघून गेला.

मन्मथप्पा मांडी घालून बसले होते. चपला मागे मांडवाच्या खांबाशी काढल्या होत्या. हात धुतले होते आणि ते ओले हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते. लग्न पंडितच्या मुलीचं, ऋतुजाचं होतं. वराकडची मंडळी जेवून उठली होती आणि आता गावाची पंगत बसत होती. मन्मथप्पांच्या डावीकडे चकलांब्याहून आलेले कुणी पाहुणे होते. त्यांनी आपली पत्रावळ सारखी केली, मग शेजारची रिकामी जमीन पाहिली.

"ओ वाढपी, ह्यांची राहिली की."

शहादेव चार माणसं पुढे गेला होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि हसला.

"ते आप्पा हायेत, पाहुणं. आप्पा कुणाकडं जेवत न्हाईत. बोलायला बसलेत." मग मांडवाच्या तोंडाकडे पाहून तो ओरडला, "आप्पासाठी चहा आणा रे. कपबशीत आणा, कागदाच्या कपात नगं."

बुंदी आली, पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी आली. प्रत्येक वाढपी मन्मथप्पांच्या समोर आला की पळी किंचित उचलून धरी, थेंब त्यांच्या धोतरावर पडू नये म्हणून. चहा आला तेव्हा पाहुण्यांनी आपली पत्रावळ सरकवून बशीला जागा करून दिली. मन्मथप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि प्यायले. भाजीचा वास नाकाशी येत होता. तिच्यात तीळ कुटून घातलेले होते, शेंगदाणे नव्हे.

ते उठले तेव्हा पंडित धावत आला. त्याने हातात टॉवेल आणि टोपी ठेवली आणि पायांना हात लावला.

"आप्पा आले, झालं. माझं लगीन पार पडलं," तो म्हणाला.

"तुझं नव्हं, पोरीचं," मन्मथप्पा म्हणाले आणि घरी आले.

घरी त्यांनी गॅस पेटवला आणि कुकरमध्ये मूठभर तांदूळ लावला.

या गावात, हिंगणदऱ्यात, पूर्वी लिंगायत वाण्यांची चार घरं होती. मन्मथप्पांचं दुकान रस्त्यावर आणि घर त्याच्या पाठीमागे. बाकीचं गाव वरच्या आळीची भावकी आणि खालच्या आळीची भावकी असं वाटलेलं होतं. गावाबाहेर माळाला लागून धनगरांची वस्ती होती. खूप वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही आळ्यांची डोकी फुटली, दोन माणसं अंबाजोगाईला दवाखान्यात पडून राहिली, आणि त्यानंतर म्हाताऱ्यांनी मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की ज्याला भावकीच नाही असा माणूस सरपंच करायचा. मन्मथप्पांना भावकी नव्हती. पहिल्या निवडणुकीत हीच त्यांची पात्रता होती.

सरपंच झाल्यावर आठच दिवसांत ते वरच्या आळीत भागवतच्या वडिलांकडे पुरणपोळी जेवले. सण होता, आग्रह झाला, जेवले. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेला खालच्या आळीचा एकही माणूस आला नाही. 'आप्पा वरच्यांचे झाले' एवढाच निरोप आला. मन्मथप्पांनी त्या संध्याकाळी बायकोला, मल्लम्माला, सांगितलं की आजपासून आपण गावात कुणाकडेही जेवायचं नाही. चहा घ्यायचा, पाणी घ्यायचं, अन्न नाही. विचारलं तर उपवास म्हणायचं.

"कायम?" मल्लम्माने विचारलं होतं.

"पद हाय तवर."

पद सहा निवडणुका राहिलं. मध्ये आरक्षण आलं तेव्हा ते उपसरपंच होते, पण गावाच्या लेखी त्यात फरक नव्हता. त्यांच्या काळात माळावर टाकी झाली, धारूरच्या घाटाकडे जाणारा रस्ता डांबरी झाला, शाळा सातवीपर्यंत गेली. पुन्हा कुणाचं डोकं फुटलं नाही. तालुक्याचे वार्ताहर दर निवडणुकीला त्यांच्यावर एक चौकट लिहीत. जेवणाचा उल्लेख तीत कधी आला नाही, कारण गावाला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. आप्पा जेवत नाहीत, जसं पिंपळाला फळ धरलं तरी कुणी खात नाही.

त्यांच्याबरोबर मल्लम्माचाही तोच नेम झाला. ती लग्नांना जायची, अक्षता टाकायची, ओटी भरायची आणि जेवणाची बोलावणी सुरू झाली की पदर सावरून घरी यायची. तिला दुसऱ्यांच्या हातचं खाण्याची फार आवड होती, हे मन्मथप्पांना माहीत होतं. ते एकटेच कुठल्या लग्नाहून आले की ती विचारायची, "भाजी कशाची होती? तीळ होते का शेंगदाणे?" त्यांना ते नुसतं बघून सांगता यायचं नाही. ते काहीतरी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी ती तशी भाजी करायची.

मल्लम्मा दोन वर्षांपूर्वी चैत्रात गेली. ज्या घरात मरण झालं तिथं चूल पेटत नाही, गावातल्या बायका कडू घास घेऊन येतात, अशी रीत आहे. मल्लम्माच्या वेळी बायका आल्या, दारात बसल्या, रडल्या. पण भाकरीची टोपली कुणीच आणली नव्हती. आप्पांना चालणार नाही, असं प्रत्येकीला वाटलं होतं. तोवर गावात वाण्याचं दुसरं एकच घर उरलं होतं. तिथून जेवण आलं.

त्यानंतरच्या निवडणुकीत पद महिलेसाठी गेलं आणि वस्तीवरची अंजना सरपंच झाली. मन्मथप्पा उभे राहिले नाहीत. नेम आपोआप सुटेल असं त्यांना वाटलं होतं. तो सुटला नाही. गावाला आता तो त्यांच्याहून जास्त पाठ होता.

*

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वरच्या आळीचा भागवत दुकानात आला. पन्नाशी ओलांडलेला, आवाजाने मोठा माणूस. त्याने विड्याची पानं मागितली आणि पोत्यावर बसला.

"आप्पा, काल खालच्या आळीत पंडितच्या पंगतीत बसलता म्हणं."

"चहा पिलो."

"तेच म्हणलं मी लोकांना. म्हणलं, आप्पा कसे बसतील? चहाच पिले असतील." त्याने पानाचा देठ खुडला. "तरी बी लोक बोलतात. बसलेच कशापायी, म्हणतात. आता पाणंदीचं तुमाला माहीत हाय."

पाणंद म्हणजे दोन आळ्यांच्या शेतांमधून जाणारी जुनी वाट. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत ती इतकी अरुंद झाली होती की वस्तीवरची दुधाची मोटारसायकल पावसाळ्यात तिच्यातून जात नव्हती. ती कुणी किती मागे सरून मोकळी करायची, यावर सरकारी मोजणी झाली की पारावर बैठक होती. मध्ये मन्मथप्पांनी बसायचं होतं.

"तुमी कुणाचेच न्हाईत, म्हणून तर तुमचं ऐकणार दोघं," भागवत म्हणाला. "तेवढं जपा."

मन्मथप्पांनी पानाचे पैसे घेतले नाहीत. मग लक्षात येऊन घेतले.

*

अंजना आली ती त्याच दुपारी, ग्रामपंचायतीचं कुलूप लावून. तिशीतली बाई, उन्हाने रापलेली, बोलताना समोरच्याकडे सरळ पाहणारी. पहिले काही महिने तिचा नवरा नाथा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. मग तिने त्याला मेंढरांकडे पाठवून दिलं आणि खुर्ची भिंतीला लावली, एवढं गावाने पाहिलं होतं.

"आप्पा, एक अडचण हाय. भागवततात्याची घरभरणी आन् खालच्या आळीत पंडिततात्याच्या नातवाचं जावळ, एकाच दिवशी. दोघं बी म्हणतात, सरपंचांनी आमच्याकडंच जेवायचं."

"कुणाकडंच जेवू नगं."

"मग?"

"दोन्हीकडं जा. चहा घे. उपवास हाय म्हण."

"कशाचा उपवास?"

"ते कुणी इचारीत न्हाई."

अंजनाने बरणीतली लिमलेटची एक गोळी घेतली, रुपया काउंटरवर ठेवला.

"तुमी किती वर्ष म्हणलात असं?"

"पद होतं तवर."

"आप्पा, मला दिवसभर मेंढराच्या मागं चालायची सवय हाय. मला भूक लागती," अंजना म्हणाली. "उपाशी राहून सरपंचकी व्हायची न्हाई माझ्याच्यानं."

"मग गाव फुटंल."

ती हसली नाही. "बघू," म्हणाली आणि गेली.

घरभरणीच्या दिवशी मन्मथप्पा दोन्हीकडे जाऊन आले. दोन्हीकडे त्यांना कपबशीत चहा मिळाला. भागवतच्या नव्या घराच्या ओसरीवर अंजना बायकांच्या पंगतीत बसली होती आणि भाताचा ढीग करून त्यात वरण घालत होती. तासाभराने ती पंडितच्या अंगणात होती, तिथंही तशीच मांडी घालून. वाढणाऱ्या बाईने "आता कुठं जागा असंल तुमाला, वरच्या आळीत भरलंय की पोट" असा टोमणा मारला तेव्हा अंजना म्हणाली, "तिकडं अर्धंच भरलं. तुमच्याकडं गुळवणी केलीय म्हणून कळालं." बायका हसल्या आणि गुळवणी दोनदा वाढली गेली.

पुढचे काही दिवस मन्मथप्पा दुकानात बसून ऐकत राहिले. वरच्या आळीतले म्हणत, खाली गुळवणी दोनदा घेतली बाईने, आमच्याकडं एकदाच भात. खालच्या आळीतले म्हणत, वर बघा किती वेळ बसली. बायका पुऱ्या मोजत होत्या. कुरकुर होती, पण ग्रामसभेला दोन्ही आळ्यांचे लोक आले. दोन्हीकडच्या बायका पहिल्यांदाच आल्या आणि अंजनाच्या मागे सतरंजीवर बसल्या.

त्या संध्याकाळी मन्मथप्पांनी दुकान लवकर बंद केलं. आतल्या खोलीत मल्लम्माचा फोटो होता, त्याला त्यांनी भस्म लावलं, रोज लावत तसं. मग ते फोटोसमोर बराच वेळ बसून राहिले. शेवटी उठून त्यांनी फोटोची काच धोतराच्या सोग्याने पुसली. ती स्वच्छच होती.

*

पाणंदीची मोजणी करायला तालुक्याहून भूमापक आला त्या दिवशी अंजना सकाळपासून शेतात उभी होती. ऊन कलल्यावर ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. पायांना चिखल, ओठ सुकलेले.

"पाणी देऊ?" मन्मथप्पांनी विचारलं.

"पाणी पिले. आप्पा, जेवायला वाढा."

मन्मथप्पांच्या हातात साखरेचं माप होतं. ते त्यांनी पोत्यात परत खोचलं.

"माझ्याकडं?"

"घरी जाऊन येईस्तोवर तो भूमापक निघून जाईल. काय केलंय?"

"पिठलं हाय. भाकरी जाड झालीय. मला थापता येत न्हाई नीट."

"जाड तर जाड."

तिने हातपाय धुतले आणि आत येऊन बसली. मन्मथप्पांनी ताट शोधलं. त्यांचं स्वतःचं एक ताट रोजचं होतं. दुसरं वरच्या फळीवर उपडं ठेवलेलं होतं, ते धुवावं लागलं. वाढताना त्यांना चटणी कुठे वाढायची हेही क्षणभर सुचलं नाही. अंजना मुकाट्याने खाऊ लागली. भाकरी मधे कच्ची होती. ती तिने बाजूला काढली नाही.

"बरं झालंय का?" त्यांनी विचारलं.

"मीठ लई पडलंय," ती म्हणाली. "पर झालंय."

त्यांना हसू आलं. कित्येक महिन्यांत कुणी त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी तिला न विचारता अजून पिठलं वाढलं.

"आप्पा, गावात तुमच्याकडं कोण कोण जेवलंय?"

त्यांनी विचार केला. शिवकन्याच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात सगळं गाव चहा-पोह्यांवर परत गेलं होतं. जेवण लातूरला, सासरच्या मंडळींकडे झालं होतं. आपण जेवत नाही तर दुसऱ्याला जेवू घालायचं कसं, असा तेव्हा हिशोब होता.

"तू," ते म्हणाले.

अंजनाने बोटं चाटली आणि उठली. हात धुऊन पदराला पुसत दारात उभी राहिली.

"मग आता बोलावणं आमच्याकडचं. मी तुमचं खाल्लंय, ते तसंच ठेवता येत न्हाई. आत्याबाई येतील सांगायला."

"अंजना, सोमवारी बैठक हाय."

"जेवण ऐतवारी करू," ती म्हणाली, जणू त्यांनी सोय विचारली होती.

तिला खरंच इतकी भूक लागली होती की नव्हती, असा प्रश्न मन्मथप्पांना ती रस्त्याला लागल्यावर पडला.

*

अंजनाची सासू दगडाबाई शुक्रवारी आली. मन्मथप्पांच्याच वयाची, अंगाने वाळलेली. ती पायरी चढली नाही. खालीच उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आप्पा, ऐतवारी वस्तीवर जेवायला या."

दुकानात त्या वेळी भागवत होता, तंबाखू घ्यायला आलेला. त्याने मळता मळता हात थांबवला.

"आमच्या घरात बकरं शिजतं," दगडाबाई पुढे म्हणाली. "म्हणून आधीच सांगती. तुमाला चालंल तसं करीन. न्हाई चाललं तरी राग न्हाई. सुनेनं सांगितलं म्हणून आली."

मन्मथप्पांनी गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या पेटीला सवयीने हात लावला. भागवत त्यांच्याकडे पाहत होता.

"येतो," ते म्हणाले.

दगडाबाई मान हलवून निघून गेली. भागवतने तंबाखू तोंडात टाकायची तशीच ठेवली.

"आप्पा, ती पोरगी पंडितच्या लोकांच्या जोरावर निवडून आलीय. ऐतवारी तिच्याकडं जेवणार, आन् सोमवारी मध्ये बसणार? मी माझ्या लोकांना काय सांगू?"

"सांग, आप्पा जेवले म्हणून."

"चेष्टा नगं."

"चेष्टा न्हाई." मन्मथप्पांनी वजनं एकात एक ठेवली. "मी मध्ये बसत न्हाई भागवत. अंजनाला बसव."

"तिला? तिनं दोन्हीकडचं खाल्लंय."

"मी कुणाचंच खाल्लं न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "मला काय माहीत तुमच्या घरात काय शिजतं. तिला माहीत हाय. तीच बरी."

भागवतने तळहातावरची तंबाखू तोंडात टाकली आणि बाहेर जाऊन चप्पल घालता घालता, पाठ करूनच म्हणाला, "आमच्याकडं बी घरभरणीला गव्हाची खीर होती, आप्पा. कुणी न्हाई म्हणत नव्हतं तुमाला."

मन्मथप्पा उठून दारापर्यंत आले तेव्हा तो वळणापलीकडे गेला होता.

*

रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून दाराला कुलूप लावत असताना शिवकन्याचा फोन आला. ती लातूरहून दर रविवारी याच वेळी फोन करी आणि काय जेवलात म्हणून विचारी.

"आप्पा, आज काय केलं?"

"काही न्हाई. जेवायला चाललोय."

"कुणाकडं?" तिने विचारलं.

"वस्तीवर. दगडाबाईकडं."

तिने तिच्या घरातला पंखा बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं.

"आई असायला पाहिजे होती," शिवकन्या म्हणाली.

"व्हय," मन्मथप्पा म्हणाले. "ठेवतो, ते वाट बघत असतील."

वस्तीची वाट पाणंदीतूनच जात होती. दोन्ही बाजूंना भूमापकाने ठोकलेल्या खुंट्या दिसत होत्या. ज्वारी पोटरीत आली होती, कणसं अजून बाहेर यायची होती. भागवतच्या शेतात दोन बायका खुरपत होत्या. त्यांनी उभं राहून पाहिलं, आप्पा कुठे निघाले ते, आणि पुन्हा वाकल्या. मन्मथप्पांनी पावलं भरभर उचलली नाहीत, हळूही केली नाहीत.

कुत्रं भुंकलं, नाथाने त्याला हाकललं. मेंढरं मेंढवाड्यात कोंडलेली होती आणि अंगण नुकतंच सारवलेलं होतं. पत्र्याच्या घरापुढे छपराखाली पोती अंथरली होती. नाथाने पाण्याचा तांब्या दिला. तो आधी पावसाबद्दल बोलला, मग मेंढरांच्या खुरांबद्दल बोलला. मन्मथप्पा ऐकत होते. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता, पातळ, एकसारखा.

"बसा," दगडाबाई म्हणाली.

मन्मथप्पा पोत्यावर बसले. समोर ताट आलं. बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, वाटीत दूध. ताट आरशासारखं लखलखत होतं. भाकरीच्या कडेखालून कागदाची एक पट्टी डोकावत होती. ती त्यांनी बोटाने मोकळी केली. दुकानदाराने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी होती, अर्धी निघालेली, अर्धी चिकटून राहिलेली.

त्यांनी चुलीकडे पाहिलं. चुलीवरचा तवा कोरा होता, कडेला निळसर. पातेलंही तसंच. चुलीपासून हातभर अंतरावर, भिंतीतल्या फळीवर, घरातली ताटं उभी लावलेली होती. काठ मुरडलेली, मधे काळपट पडलेली.

"दगडाबाई, हे ताट नवं हाय."

"व्हय. धारूरच्या बाजारातून आणलं." तिने हातातली भाकरी उलटवली. "तवा बी, पातेलं बी. तुमाला चालावं म्हणून. त्याला बकऱ्याचं काहीबी लागलेलं न्हाई आप्पा, बिनघोर खावा."

"नाथाला कशात वाढलंय?"

"त्याला काय, रोजच्यात."

मन्मथप्पांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि थोडं पुढे सरकवलं. दगडाबाईचा हात तव्यावर थांबला. अंजना पाण्याची घागर घेऊन दारात आली होती, तीही तिथंच उभी राहिली.

"मला बी रोजच्यातलंच द्या," ते म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दगडाबाईने ती घाईने काढली.

"आप्पा, त्यात काय काय झालेलं हाय..."

"घासता न्हवं?"

"घासती की. राखेनं घासती."

"मग द्या."

तिने नाथाकडे पाहिलं, मग सुनेकडे. मग उठून फळीवरची ताटं एकेक पाहिली आणि त्यातल्या त्यात कमी चेपलेलं एक काढलं. घासलेलंच होतं, तरी तिने पाणी ओतून ते पुन्हा विसळलं, पदराने आतून पुसलं, बाहेरून पुसलं. त्यात तिने भाकरी ठेवली, भाजी वाढली. चटणी घाईत भाकरीवरच सांडली.

"तीळ भाजून कुटलेत का कच्चेच?" मन्मथप्पांनी विचारलं.

"भाजून. कच्चे कडू लागतात."

त्यांनी मान हलवली, नीट लक्षात ठेवायचं असावं तशी. भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबले.

"आन् अंजना?"

"ती बसंल की मागून. बाया मागून बसतात."

"सरपंच मागून?"

नाथाने हसू दाबलं आणि पोत्यावर बाजूला सरकून जागा केली. दगडाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मग तिने ते लखलखीत ताट उचललं आणि सुनेच्या जागेवर ठेवलं. अंजना पदर खोचून खाली बसली आणि नखाने त्यावरची चिठ्ठी खरवडू लागली.